मे महिन्यात उखडलेले पट्टे : १/३५० ‘बिस्मार्क’च्या रंगकामाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणारे, आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवणारे एक निदेशक. नाव-गाव मुद्दाम गाळलं आहे. आधी त्यांनी १/७०० मापाची, पाण्यावर तरंगताना दिसतात तेवढाच भाग असलेली काही प्लास्टिकची मॉडेल जहाजं ब्रशने रंगवून पूर्ण केली होती. तळासकट पूर्ण हल (जहाजाचं धड) असलेलं मोठं जहाज मात्र पहिलंच. किट जर्मन युद्धनौका ‘बिस्मार्क’चा, माप १/३५०. मूळ जहाज २५१ मीटर लांब आणि ३६ मीटर रुंद होतं, म्हणजे मॉडेल जवळपास ७२ सेंमी लांब आणि १० सेंमीहून थोडं जास्त रुंद.

या जहाजाच्या रंगात तारीख फार महत्त्वाची. १९४१ च्या वसंतात त्याच्या बाजूंवर आणि वरच्या बांधकामावर काळे-पांढरे तिरपे पट्टे होते. मोहिमेवर निघाल्यावर, २१ मे १९४१ ला नॉर्वेत बर्गनजवळच्या खाडीत थांबलं असताना, पट्ट्यांवर राखाडी रंग फिरवण्यात आला. २४ मेला ब्रिटिश युद्धनौका ‘हूड’ बुडालं, २७ मेला ‘बिस्मार्क’. म्हणजे पट्टे हवे असतील तर मॉडेल २१ मेच्या आधीचं धरावं लागतं आणि मास्किंगचं, म्हणजे रंग नको तो भाग टेपने झाकण्याचं, मोठं काम अंगावर घ्यावं लागतं. निदेशकांनी पट्टेच निवडले. १५ ऑगस्टला संस्थेत प्रदर्शन होतं, तिथं मॉडेल ठेवायचं ठरलं होतं.

दिवाळीपासून मार्चपर्यंतचं काम अतिशय नीट झालं होतं, हे आधी सांगायला हवं. हलच्या दोन बाजू पातळ सिमेंटने जोडल्या, आतून आडव्या भिंती बसवल्या, सांधा पुट्टीने भरून ४००, ६०० आणि १००० नंबरच्या पॉलिशपेपरने पाणी लावून घासला. वॉटरलाइन, म्हणजे पाण्याच्या पातळीची रेघ, आखायला त्यांनी हल कडप्प्याच्या सपाट फरशीवर ठोकळ्यांवर समतल केला आणि सरफेस गेजच्या (एकाच उंचीवर रेघ मारायच्या अवजाराच्या) सुईच्या जागी पेन्सिल धरून दोन्ही बाजूंनी रेघ ओढली. दोन टोकांत अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही. चार टरेट (तोफांचे फिरते बुरूज), पूल (जहाज चालवायची वरची जागा), धुरांडं, डेक हे सगळं सुटं ठेवलं होतं, हलला चिकटवलेलं नव्हतं. ही सवय पुढे फार कामाला आली.

जागा म्हणजे गच्चीवरची पत्र्याची खोली. दुपारी बाहेर ४२-४३ अंश, आत त्याहून जास्त. हवा कोरडी. एका खिडकीत कूलर.

काय बिघडलं

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात प्रायमर, म्हणजे रंग धरावा म्हणून द्यायचा पहिला थर, मारला. प्लास्टिकसाठीचा मॉडेलचा प्रायमर स्प्रे कॅनमध्ये मागवला होता, पण असे कॅन विमानाने पाठवता येत नाहीत. रस्त्याने यायला वेळ लागणार म्हणून गाडीच्या रंगाच्या दुकानातून राखाडी प्रायमरचा कॅन आणला. त्यावर राखाडी, मग पांढरा, मग काळा, असे पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या बारीक अवजाराने) मारले. मास्किंगला आधी मॉडेलची पिवळी टेप वापरली. ती संपल्यावर रुंद भागांना हार्डवेअरच्या दुकानातली साधी मास्किंग टेप लावली. काळा रंग मारून झाला आणि घरच्या लग्नासाठी सगळे गावाला गेले. टेप सहा दिवस तशीच राहिली, त्या खोलीत, मे महिन्यात.

परत आल्यावर भाच्याला सोबत घेऊन टेप काढायला सुरुवात केली. टेपच्या पहिल्याच तुकड्याबरोबर रंगाची दोन बोटं रुंद साल निघाली.

“मामा, हे तर नखानंबी निघायलंय!”

“थांब, थांब. हात लावू नको आता.”

उरलेली टेप त्यांनी त्या दिवशी काढली नाही. निम्म्या डाव्या बाजूवर आणि उजव्या बाजूच्या मधल्या भागावर रंग उठला होता.

कारणांचा शोध

रंग उखडला की आधी पाहायचं, तो कोणत्या थरातून सुटला. टेपच्या चिकट बाजूला फक्त काळा रंग आला असता तर दोष काळ्या आणि त्याखालच्या रंगाच्या मधे असता. इथं टेपवर काळा, पांढरा, राखाडी आणि त्यामागे प्रायमरची पिठासारखी भुकटी होती. हलवर उघडं, चकचकीत प्लास्टिक. म्हणजे वरच्या रंगांचा दोष नव्हता. प्रायमरच धरला नव्हता.

मग एक खुणेची जागा सापडली. पुढच्या टोकाला नांगराच्या खोबणीजवळ प्रायमर आत पोचावा म्हणून कॅन जवळ नेला होता. तिथं नख घासूनही रंग हलत नव्हता. बाकी सगळीकडे कॅन ३५ ते ४० सेंमी लांब धरला होता, कारण ‘गाडीचा प्रायमर प्लास्टिक खातो’ हे त्यांनी ऐकलं होतं आणि ते खरंही आहे. प्लास्टिक वाचवायला लांबून, हलके हात फिरवले होते.

चाळीस अंशांच्या पुढे, कोरड्या हवेत, एवढ्या लांबून निघालेला प्रायमरचा थेंब वाटेतच वाळतो. त्यातला थिनर हवेत उडतो आणि पृष्ठभागावर ओला थेंब न पडता कोरडा कण पडतो. कण एकमेकांत मिसळत नाहीत, प्लास्टिकला चावत नाहीत, नुसते वर बसतात. शिवाय तापलेल्या कॅनमध्ये दाब वाढलेला असतो. फवारा जोरात येतो, मग माणूस आणखी मागे सरतो आणि काम आणखी बिघडतं. कूलरचा झोतही त्याच दिशेने होता.

खडबडीतपणा त्यांच्या हाताला त्याच दिवशी जाणवला होता. बोट फिरवल्यावर बारीक पॉलिशपेपरसारखं लागलं. त्यांनी तो चांगला मानला: ‘दाणा आला, रंग धरेल.’ लोखंडावर काम करणाऱ्या माणसाचा हा विचार सरळ आहे. रंगाआधी पत्रा घासून खरखरीत करतात तो रंग धरावा म्हणूनच. पण घासून आलेला खडबडीतपणा त्या धातूचाच भाग असतो, ओढून निघत नाही. कोरड्या फवाऱ्याचा खडबडीतपणा ही वर साचलेली भुकटी असते. त्यावर रंग पक्का बसतो, पण तो भुकटीला धरतो, प्लास्टिकला नाही. हे संपूर्ण प्रकरण त्या एका बोटाच्या स्पर्शाचा अर्थ कसा लावला, यावर फिरतं.

दुय्यम कारणं तीन. हल भांड्यांच्या लिक्विडने धुतला होता, ते बरोबर, पण पाणी बोअरचं. तळाजवळ थेंब वाळले तिथं क्षारांचे पांढरे गोल डाग होते आणि तिथली साल गोलाकारच निघाली. दुसरं, हार्डवेअरची टेप फार चिकट असते आणि उन्हाळ्यात सहा दिवसांत तिचा गोंद आणखी घट्ट धरतो. तिसरं, पाण्याचे ॲक्रिलिक वाळल्यावर कातड्यासारखा सलग पापुद्रा बनवतात. खालून सुटले की एका जागी थांबत नाहीत, साल ओढत नेतात.

अंदाजावर न थांबता त्यांनी पांढऱ्या प्लास्टिकच्या वापरून फेकायच्या चमच्यांवर चाचणी घेतली. यातले बरेच चमचे पॉलिस्टायरीनचे, म्हणजे किटच्याच जातीच्या प्लास्टिकचे असतात. कॅन तोच. एक चमचा दुपारी ४० सेंमीवरून, दुसरा दुपारी २० सेंमीवरून, तिसरा पहाटे २० सेंमीवरून. दुसऱ्या दिवशी तिन्हींवर नव्या पात्याने एक-एक मिलिमीटरवर उभ्या-आडव्या रेघा मारून टेप चिकटवून ओढली. पहिल्यावरचा प्रायमर सगळा टेपवर आला. दुसऱ्याचे कोपरे सुटले. तिसरा पक्का राहिला, पण भिंगाखाली प्लास्टिकवर बारीक जाळीदार तडे दिसले. म्हणजे हा प्रायमर ओला मारला तर प्लास्टिक खातो आणि कोरडा मारला तर धरत नाही. या कामासाठी तो बादच करायला हवा होता, आणि केला.

पर्याय

पहिला पर्याय तारीख बदलण्याचा. पट्टे सोडून द्यायचे, मॉडेल २४ मेचं म्हणायचं आणि सगळीकडे राखाडी मारायचा. इतिहासाला धरून, मास्किंग जवळजवळ शून्य. मोहात पाडणारा पर्याय, पण त्याने रोग बरा होत नव्हता. खालची भुकटी तशीच राहणार होती आणि पुढे लाल तळ, वॉटरलाइनचा गडद पट्टा यांसाठी टेप लावावीच लागणार होती.

दुसरा, उखडलेली जागाच दुरुस्त करायची: कडा १५०० च्या पेपरने उतरत्या करून तिथंच प्रायमर आणि रंग. लहान जागेला हे चालतं. इथं रंग कुठं धरलाय आणि कुठं नाही हे बाहेरून कळत नव्हतं. एका जागची दुरुस्ती करताना लावलेली टेप शेजारची जागा उखडणार, हे नक्की.

तिसरा, सगळा रंग उतरवून हल पुन्हा नवा करायचा. आता कशाने?

हार्डवेअरवाल्याचा सल्ला: “सर, एनसी थिनर घ्या, मिनटात साफ होतं बघा.” रंग साफ होतो, हल पण होतो. एनसी थिनर आणि ॲसिटोन पॉलिस्टायरीन विरघळवतात. निदेशकांनी स्प्रूचा, म्हणजे किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचा, तुकडा त्यात बुडवून पाहिला, चिकट गोळा झाला. असा सल्ला ऐकला की आधी स्प्रूचा तुकडा बुडवावा. किटमध्ये तो वाया जाणाराच असतो.

कॉस्टिक सोड्याचं द्रावण प्लास्टिकला काही करत नाही आणि रंग चांगला काढतं. पण डोळ्यांना आणि कातडीला अतिशय घातक, आणि ॲल्युमिनियमच्या तोफांच्या नळ्या असतील तर त्या खाऊन टाकतं. घरात मुलं होती. हा पर्याय त्यांनी सोडला.

राहिलं आयपीए, आयसोप्रोपाइल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं. ॲक्रिलिक रंग ते मऊ करतं आणि थोड्या वेळात पॉलिस्टायरीनला इजा करत नाही. १६० मिमीचा शेतातला पीव्हीसी पाइप मधून चिरून, टोकं बंद करून ७२ सेंमीच्या हलसाठी टाकी करायचा विचार झाला. हिशोब मांडल्यावर सहा-सात लिटर आयपीए लागणार असं दिसलं. त्याची वाफ १२ अंशांलाच पेट घेऊ शकते. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत त्याची उघडी टाकी ठेवणं हा जिवाशी खेळ झाला असता. शिवाय जोडांवर ताण असतो, तिथं जास्त वेळ बुडून राहिलं तर केसासारखे तडे जाऊ शकतात. टाकीचा विचार सोडला तो योग्यच.

आणि प्रत्येक पर्यायाबरोबर दुसरा प्रश्न होता: पुन्हा रंग कधी? दिवाळीपर्यंत थांबलं तर हवा उत्तम, पण १५ ऑगस्ट हुकतो. पावसाळ्यात दमट हवेत लॅकर (थिनरमध्ये मिसळणारा, लवकर वाळणारा रंग) पांढरट पडतो. उरल्या पावसाआधीच्या पहाटा.

काय केलं

रंग गच्चीवर उघड्यावर, सावलीत, सकाळी उतरवला. जुन्या सुती धोतराच्या पट्ट्या आयपीएत भिजवून हलच्या पंधरा-वीस सेंमी भागावर गुंडाळायच्या, वर स्वयंपाकघरातली चिकटणारी प्लास्टिक फिल्म, वीस-पंचवीस मिनिटं थांबायचं, मग जुना टूथब्रश. असे टप्पे पाडल्याने लिटरभरात काम झालं आणि एकावेळी उघडं आयपीए वाटीभरच राहिलं. हातात नायट्राइल मोजे. रंग सहज निघाला. प्रायमरची भुकटी बरीचशी त्याबरोबर आली. नांगराजवळ पक्का धरलेला प्रायमर निघेना, तो काढायचा हट्ट न धरता १००० च्या पेपरने कडेने सपाट केला. बिल्ज कीलच्या (तळाच्या बाजूला असलेल्या लांब उभट पट्टीच्या) खाली टेपचा थोडा गोंद राहून गेला, तो त्या वेळी कुणाच्या लक्षात आला नाही.

शेवटचं धुणं बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने. हल उलटा टांगून वाळवला, पुसला नाही, कारण फडक्याचे तंतू पुट्टीच्या जागी अडकतात. त्यानंतर हलला हात लागला तो मोज्यांचाच.

प्रायमर या वेळी बाटलीतला, प्लास्टिकसाठीचा लॅकर सर्फेसर, प्रायमरचाच एक प्रकार. बाटलीचा फायदा असा की किती पातळ करायचा आणि किती सावकाश वाळू द्यायचा हे आपल्या हातात राहतं. एक भाग सर्फेसरला दोन भाग लेव्हलिंग थिनर, ज्यात वाळणं लांबवणारा घटक असतोच. एअरब्रशला ०.४ मिमी नोझल, दाब १५ ते १८ पीएसआय, अंतर ६ ते ८ सेंमी. वेळ पहाटे साडेपाच ते सात, तापमान २७ अंशांच्या आसपास. कूलर बंद. तोंडावर सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेला मास्क. कापडी मास्क धूळ अडवतो, वाफ नाही.

पाहायचं फक्त एवढं: फवारा पडल्यावर पृष्ठभाग एक-दोन सेकंद ओला चमकला पाहिजे आणि मग मंद झाला पाहिजे. पडताक्षणी मंद दिसला तर तो कोरडा पडतोय. लगेच थांबायचं, थिनर वाढवायचा किंवा जवळ जायचं. सातनंतर ऊन पत्र्यावर आलं की चमक दिसेनाशी व्हायची, तिथं काम थांबायचं. एक बाजू एका पहाटे, दुसरी दुसऱ्या. हलबरोबर दर वेळी एक चमचाही रंगवला जायचा आणि पुढचा थर त्या चमच्याची रेघांची चाचणी झाल्याशिवाय नाही.

रंगांचा क्रमही बदलला, आणि हा बदल आमच्या मते प्रायमरच्या खालोखाल महत्त्वाचा. आधी राखाडी, मग पांढरा, मग काळा असं केल्याने एकेका जागी तीनदा टेप बसली होती आणि राखाडीवर पांढरा झाकायला जाड थर द्यावे लागले होते. आता पट्ट्यांचा तेवढाच भाग आधी पांढरा केला. पांढरे पट्टे झाकून काळा. मग काळे-पांढरे दोन्ही झाकून उरलेल्या बाजूला राखाडी. शेवटी वरचं सगळं झाकून गडद पट्टा आणि लाल तळ. थर पातळ राहिले. काळा निखळ वापरला नाही, त्यात राखाडी मिसळून थोडा उतरवला. एवढ्या लहान मापावर शुद्ध काळा भोक पडल्यासारखा दिसतो.

दोन रंगांत पूर्ण चोवीस तास. उन्हाळ्यात रंग पाच मिनिटांत हाताला कोरडा लागतो, पण वरची कातडीच वाळलेली असते, खालचा मऊ असतो. टेप सगळीकडे पिवळी, कमी चिकटीची, तीही आधी तळहाताला लावून उतरवलेली. रुंद जागांवर फक्त कडेला टेप आणि मधे कागद. काळ्याआधी टेपच्या कडेवर पांढऱ्याचाच हलका फवारा दिला, म्हणजे फट असेल तर ती पांढऱ्यानेच भरते आणि काळा आत झिरपत नाही. रंग मारून तासाभरात टेप काढली, तिच्याच अंगावर दुमडत, अगदी सावकाश.

निष्पत्ती

रंग एकदाच सुटला, तोही मागच्या बाजूला बिल्ज कीलजवळ, साधारण चार मिलिमीटर. जुना गोंद राहिला होता तीच जागा. बारीक ब्रशने ती दुरुस्त झाली आणि तळाकडे असल्याने दिसत नाही.

१५ ऑगस्टला जहाज मांडलं, पण अपुरं. डेक, टरेट, पूल बसले होते, पितळी फोटो-एचची (रसायनाने कोरून काढलेल्या पातळ पत्र्याची) रेलिंग आणि दोऱ्या राहिल्या होत्या. या मापात रेलिंग जेमतेम तीन मिलिमीटर उंच असते. ती घाईत लावली तर ग्लूचे डाग पडतात, म्हणून लावली नाही. मॅट वार्निशचा शेवटचा थर जुलैत एका चमच्यावर मारून पाहिला, तो दमट हवेत पांढरा धुरकट झाला. हलवर तो मारलाच नाही, ऑक्टोबरपर्यंत थांबले. प्रदर्शनात जहाज त्यामुळे थोडं चकाकत होतं. हा निर्णय आम्हाला या प्रकरणातला सर्वांत चांगला वाटतो: चाचणीने नाही म्हटलं आणि मुदत समोर असूनही ते ऐकलं.

वेगळं काय करता आलं असतं

चमच्याची चाचणी मे महिन्यात कारण शोधायला वापरली, ती एप्रिलमध्ये प्रायमरच्या दिवशीच करता आली असती. चमचा आणि टेपचा तुकडा, वेळ एक रात्र. अनोळखी कॅन, अनोळखी हवामान किंवा नवीन दुकानाचा माल, यातलं एक जरी असलं तरी हे करावं. इथं पहिली दोन एकत्र होती.

खडबडीत लागल्यावर तिथंच थांबून कोरड्या बोटाने जोरात घासून पाहायला हवं होतं. बोटावर भुकटी आली तर रंग पुढे न्यायचा नाही. त्या टप्प्यावर प्रायमर १००० च्या पेपरने आयपीए लावून उतरवायला अर्धा दिवस लागला असता. पुढे तीन रंग चढल्यावर तेच काम आठवडा घेऊन गेलं.

टेप लावलेली असताना गावाला जायचं नव्हतं. काळा रंग लग्नानंतर मारला असता तरी चाललं असतं. अर्धवट राहिलेलं मास्किंग पुरं करून टाकावं, असं प्रत्येकाला वाटतं, पण टेप लावणं, रंग आणि टेप काढणं हे एकाच बैठकीत बसत नसेल तर सुरू करू नये.

आणि वर्षाचं वेळापत्रक. मराठवाड्यात लॅकर प्रायमर आणि मॅट वार्निश ही दोन कामं ऑक्टोबर ते फेब्रुवारीत ठेवावीत. घासणं, पुट्टी, फोटो-एच वाकवणं, टरेट जोडणं ही कामं उन्हाळ्यात चालतात, फक्त ग्लू आणि सिमेंट लवकर उडतं म्हणून बाटली उघडी ठेवू नये. निदेशकांनी दिवाळीला घासकाम सुरू केलं आणि एप्रिलला प्रायमर मारला. दिवाळीपासून हलचं काम आधी उरकून डेकवरच्या बारीक वस्तू मागे ठेवल्या असत्या, तर हल जानेवारीतच प्रायमरसाठी तयार झाला असता. पुढच्या जहाजाला त्यांनी हाच क्रम धरला आहे: हल आधी, टरेट उन्हाळ्यात.